बाजूची सीट

३ नोव्हेंबर

आमच्या पहिल्या स्कूटरला एक खोड होती. सिग्नलला ती बंद पडली की विश्वास मागे न बघताच म्हणायचा, "उतर गं जरा." मी उतरायची. तो स्कूटर एका अंगावर वाकडी करायचा, सरळ करून किक मारायचा, आणि आम्ही पुन्हा निघायचो. माझ्या हातात भाजीची पिशवी, पिशवीत इशिताची दुधाची बाटली. मागून हॉर्न वाजत असायचे आणि आम्ही दोघं हसत असायचो.

आज विमानतळावर ते सगळं आठवलं, कारण त्याने गाडीची किल्ली माझ्या तळहातावर ठेवली आणि म्हणाला, ही आता तुझी. मला मेट्रो बरी पडते.

त्याची नोकरी दिल्लीत, माझी शाळा पुण्यात. पुढचा सगळा संसार सुट्ट्यांमध्ये झाला. इशिता लग्न होऊन बंगळुरूला गेली, मी निवृत्त झाले, आणि आत्ता कुठे आम्ही एका घरात. गुरुग्रामचं हे घर अकराव्या मजल्यावर आहे. स्वयंपाकघरात त्याने माझ्यासाठी पोळपाट आणून ठेवलाय. पोळपाट बघून मला रडूच आलं.

९ नोव्हेंबर

रोज गाडी काढते. इथल्या लोकांना लेन म्हणजे काय ते माहीतच नाही, पण मला मजा येते.

गाडीतही एक खोड निघाली. बाजूच्या सीटवर कुणी बसलं आणि पट्टा लावला नाही, की घंटी वाजते, टुंग टुंग, आणि समोर लाल दिवा लागतो. सीटच्या गादीखाली वजन ओळखणारं काहीतरी असतं. माझ्या बाजूची सीट मात्र रिकामी असते, आणि घंटी वाजते. मग आपोआप थांबते. विश्वासला सांगितलं तर म्हणाला, तुझी पर्स असेल. पर्स मी मागे ठेवते.

१४ नोव्हेंबर

आज वर्कशॉपला गेले. तिथला बलजीत तोंडाळ आहे, पण मनाचा बरा वाटला. त्याने सीटखालच्या तारा हलवून पाहिल्या, जोड पुसले, संगणक लावला, मग पट्टा लावून माझ्या शेजारी बसला आणि फिरवायला लावलं. गाडी अगदी गप्प. म्हणाला, आंटीजी, गाडी तो बिल्कुल शरीफ है, आप ही से मज़ाक करती है.

परत येताना माझ्या लक्षात आलं. तो शेजारी पट्टा लावून बसला तर घंटी वाजेलच कशी? ही खोड मी एकटी असतानाच पकडायला हवी. लहानपणी शाळेत आमच्या सिस्टर ऍग्नेस विज्ञानाच्या तासाला म्हणायच्या, एका वेळी एकच गोष्ट बदला. मग तसं केलं. खड्ड्यातून नेली, सपाट रस्त्याने नेली, थंड इंजिन, गरम इंजिन. कशानेच फरक पडत नाही. फक्त हायवे सोडून सर्व्हिस रोडला लागलं, रोपांच्या जुन्या नर्सरीपाशी, की घंटी नेमकी वाजते. जणू तिथे कुणी चढतं.

२७ नोव्हेंबर

मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. पुण्यात या दिवशी सात-आठ जणी हळदीकुंकवाला यायच्या. इथे कुणाला बोलावणार? समोरच्या बाई पंजाबी, खालच्या मराठी मुली संध्याकाळपर्यंत ऑफिसात.

मनात कधीचं येत होतं ते केलं. माझी थोरली बहीण इंदूताई सवाष्णच गेली. तिला गाडीत मिरवायची भारी हौस, आणि पट्टा लावायचा भारी कंटाळा. वाटलं, तीच येऊन बसत असेल. मी नर्सरीपाशी गाडी थांबवली. घंटी वाजली. बाजूच्या सीटला हळदकुंकू लावलं, सीटवर खण, नारळ, तांदूळ ठेवून ओटी भरली, आणि रीतीप्रमाणे म्हटलं, घरी या.

घंटी लगेच थांबली. मला फार बरं वाटलं.

३० नोव्हेंबर

खण सीटवर नव्हता. तो बाजूच्या पट्ट्याला बांधलेला सापडला. मी बांधला नव्हता.

जेवताना घंटी वाजली. घरात. तिसऱ्या खुर्चीपाशी. टुंग, टुंग.

विश्वासचा घास हातातच राहिला. कसला आवाज, असं त्याने विचारलं नाही. हेच मला कळत नाहीये. त्याने विचारलं कसं नाही?

१२ डिसेंबर

बलजीतने आज बाजूची सीट उचकटून बाहेर काढली. मी उभीच होते. गादीच्या आतली, एरवी दिसत नाही अशी तार कापलेली. दोन्ही टोकांना चिकटपट्टी, तीही धूळ खाऊन जुनी झालेली. तो म्हणाला, ये किसी ने पहले ही कटवा दी है, आंटीजी. अब ये बज ही नहीं सकती. त्या सीटचा पट्टाही नवा बसवलेला, चालकाचा मात्र जुनाच. त्याने विचारलं, गाडी ठुकी थी क्या?

विश्वासने मला सांगितलं होतं, गाडीला साधा ओरखडासुद्धा नाही.

सीट परत बसवून मी निघाले. नर्सरीपाशी घंटी वाजली.

१३ डिसेंबर

विचारलं. आधी चिडला. गाडीच्या तारांवरून कुणी नवऱ्याची उलटतपासणी घेतं का, म्हणाला. मग तिसरी खुर्ची वाजली, आणि तो सगळं बोलला.

तिचं नाव मयुरा. नागपूरची, त्याच्याच ऑफिसातली. किती वर्षांचं होतं ते मी विचारलं नाही. गेल्या जानेवारीत, धुक्यात, तोच गाडी चालवत होता. त्याला थंडी वाजली म्हणून मागची शाल घ्यायला तिने पट्टा काढला. शाल मी विणलेली. गाडी उभ्या ट्रकवर गेली. नर्सरीपाशी.

ती बोलत होती. अजून बोलत होती. आणि त्याच्या मनात आलं, पद्मजाला, म्हणजे मला, काय सांगू? म्हणून तिला ओढून चालकाच्या जागी बसवलं आणि धुक्यातून चालत निघून गेला. ती तिथेच गेली. पोलिसांना सांगितलं, गाडी तिने त्याच्याकडून मागून नेली होती.

तिला ओढताना काय म्हणालास, मी विचारलं.

म्हणाला, म्हटलं, उतर गं जरा.

१५ डिसेंबर

झोप नाही. पट्टा त्यानेच बदलून घेतला होता, मग तारही कापून घेतली. घंटी थांबली नाही, म्हणून मेट्रो. तरी ती खालीच गाडीत बसून राहिली. म्हणून मला बोलावलं. काल स्वतःच म्हणाला, तिला तुला भेटायचंच होतं गं, वाटलं, तू आलीस की माझा पिच्छा सोडेल.

पोळपाट. किल्ली. सगळं—

मी समजत होते, माझी वाट पाहतोय.

१७ डिसेंबर

तो मित्राकडे गेला राहायला. फोन बंद.

ती नाही गेली. मीच घरी या म्हटलंय.

खुर्ची आता माझ्या शेजारी आहे. मी हलवली नाही—

१९ डिसेंबर, सकाळ

निघते. पोलिसांना सगळं खरं सांगणार, मग विमानतळ, मग इशिता. धुक्यामुळे एकही टॅक्सी मिळत नाही. गाडीच काढावी लागणार. तिचं माझ्याशी वैर कसलं? मी तिची ओटी भरलीय.

१९ डिसेंबर, गाडीत

नर्सरी. गाडी आपोआप बंद पडली. बाहेर सगळं पांढरं. फोन लागत नाही. दारं उघडत नाहीत.

घंटी वाजत होती. आत्ता थांबली.

ती थांबते कधी? पट्टा लावला तर. नाहीतर सीटवरून उठलं तर.

पट्टा लोंबतोय.

माझा पट्टा आवळतोय— मांडीवर वजन— अंग बर्फासारखं थंड—

कानाशी म्हणाली. अगदी त्याच्यासारखं, न बघता. उतर गं जरा.

कुठे उतरू? दारं—

इशिता, मोत्यांच्या कुड्या आणि नारायणपेठ तुला. सिस्टर ऍग्नेसनी दिलेलं मेरीचं पदक तुझ्या बाळाला. ही वही मयुराच्या आईला, नागपूरला, शोधून काढ, हातात दे. तिची मुलगी एकटी नव्हती म्हणावं. शाल जाळ.

गाडी विकू नकोस. ती विश्वासला. त्याला सांग, बाजूच्या सीटवर बस, पट्टा लाव, चालवायला आता आम्ही दो—