दगडांच्या झोळ्या

४ नोव्हेंबर, मंगळवार
पाटा जागेवर, वरवंटा गायब! शनिवारी अपेक्षाच्या बाळाचं बारसं. लेकीचं पहिलं बाळंतपण माहेरी, आणि बाळाआधी पाळण्यात निजवायला घरात वरवंटा नाही. सुनेला विचारलं. "बंगल्यावर दिला," म्हणाली चैताली, आणि भांडी घासायला बसली.

५ नोव्हेंबर
त्रिपुरी पौर्णिमा. देवळात वाती लावल्या. तोंडात आरती, डोक्यात ती बंगल्यावरची बाई.

हे ज्या बंगल्याची राखण करतात तो पुण्याच्या अनघाबाईने भाड्याने घेतलाय. कला करते म्हणे. शेजारच्या शालूबाईला घेऊन तिथं गेले. हॉलभर छताला लुगड्यांच्या झोळ्या टांगलेल्या, प्रत्येकीत एक वरवंटा. चांगली धड लुगडी फाडली — चार गोधड्या झाल्या असत्या! "अर्थ बघणाऱ्याने लावायचा," बाई म्हणाली. अर्थ राहू द्या, माझा वरवंटा द्या, म्हटलं. तर म्हणे, "जिने दिला तिने मागितला तर लगेच देईन."

वाटेत शालूबाई म्हणाली, "आपन दगड निजवला की बारसं, हिनं निजवला की प्रदर्शन. घुगऱ्या तरी वाटंल का?" तिला हसू सुचतंय.

६ नोव्हेंबर
ह्यांना म्हटलं, तुम्ही आणा. "माझी नोकरी घालवतीस व्हय? शालूबाईचा आन." उसना. माझ्या नातवाला उसना!

७ नोव्हेंबर, शुक्रवार
चैतालीला धारेवर धरलं. नणंदेचं चांगलं बघवत नाही तुला, म्हटलं. बंगल्यावर जा आणि मागून आण.

म्हणाली, "आई, माझी पोर दोन दिवसांची गेली. तिला कुटं पाळन्यात घातली आपन? बाईंनी इचारलं, कुनाच्या नावानं ठेवू. मी तिच्या नावानं दिला."

नाव? त्या पोरीला नाव कुणी ठेवलं होतं?

जपाला बसले, मणी सरकेना.

८ नोव्हेंबर, शनिवार
बारसं शालूबाईच्या वरवंट्यावर उरकलं. दुपारी चैतालीला घेऊन बंगल्यावर गेले. वरवंटा मागितला नाही. नाव सांगायचा मान आत्याचा, पण अपेक्षा बाळंतीण, म्हणून आमच्या वरवंट्याच्या झोळीत वाकून पोरीचं नाव मीच सांगितलं. सृष्टी.