नळ गप्प झाल्याबाबत

तीर्थस्वरूप दादांस,

सविनय नमस्कार. (साष्टांगच घालणार होतो, पण खांदा दुखावला आहे. कारण पुढे येईल.) तुमची पाठ, वहिनींचे गुडघे आणि तुमची ती जुनी मोटारसायकल, या सगळ्यांच्या तब्येती बऱ्या असाव्यात. आम्ही इथे खुशाल आहोत, आणि नेमकी तीच काळजीची गोष्ट आहे.

ताजी बातमी अशी की, आमच्या स्वयंपाकघरातला नळ काल दुपारपासून गळायचा थांबला आहे. खालच्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापकांनी याला दुजोरा दिला. त्यांच्या छतावरचा ओला डाग वाळायला लागला म्हणून ते स्वतः वर येऊन चौकशी करून गेले. "घरात सगळं ठीक आहे ना?" असं त्यांनी ज्या आवाजात विचारलं, तो आवाज माणसं दवाखान्यात काढतात. नळ दुरुस्त कोणी केला? तुमच्या बहिणीने. का केला? तेच तर कळत नाही.

दादा, आमचा संसार तुम्हाला ठाऊक आहे. सकाळी हिने नळाचा विषय काढायचा, मी "रविवारी बघतो" म्हणायचं, त्यावर हिने "कुठल्या वर्षीच्या?" असं विचारायचं, की आमचा दिवस सुरू. जेवताना टेबल डुगडुगायचं (त्याच्या पायाखालची कागदाची घडी मी स्वतः बसवलेली आहे, ती तात्पुरती आहे आणि तुमच्या भाचीच्या जन्माआधीपासून तिथे आहे), त्यावरून बोलणं निघायचं ते पार माझ्या आईपर्यंत जाऊन यायचं. एक जेवण मुक्याने झालं नाही. आता नळ गप्प, टेबल गप्प आणि ही गप्प. गप्प म्हणजे, गुणगुणते! इतक्या वर्षांच्या बायकोने अचानक गुणगुणायला लागावं आणि नवऱ्याने निर्धास्त झोपावं, एवढा मी भोळा नाही.

पहिला संशय आला तो बाथरूमच्या दारामुळे. ते दार जरा वर उचलून, खांदा लावून, मनातल्या मनात एक शिवी देऊन उघडायचं असतं, हे आम्ही पाहुण्यांना पाणी द्यायच्या आधी सांगतो. गेल्या आठवड्यात मी नेहमीसारखं उचललं, खांदा लावला, आणि दार अलगद उघडलं. मी थेट बादलीत. बाहेरून ही म्हणाली, "अहो, लागलं का?" मी म्हटलं, "दाराला काय केलंस?" तर म्हणे, "स्क्रू आवळले. सांगायचं राहिलं." सांगायचं राहिलं! शेजारीण शिंकली तरी जी बाई मला येऊन सांगते, तिचं सांगायचं राहिलं!

मग मी पाळत ठेवली. (शब्द मलाही आवडत नाही, पण मागोमाग गेलो आणि खांबाआड उभा राहिलो, याला दुसरं काय म्हणणार?) ही हार्डवेअरच्या दुकानात शिरली. तिथे हिला बसायला स्टूल आहे. ही बाहेर पडल्यावर मी आत गेलो. दुकानदार म्हणाला, "ताईंचे मिस्टर ना तुम्ही? बादलीतले?" तिकडे काणाडोळा करून मी विचारलं, हिला हे सगळं शिकवतं कोण? "भाऊ आहे की त्यांचा. ताई फोनवर विचारतात, तो सांगतो, मी काढून देतो."

दादा, हिला भाऊ एकच आहे.

मी रागावलेलो नाही. पण घरातली एकेक वस्तू हिच्या हाताखालून नीट होऊन निघते आहे, आणि काल जेवताना ही डोकं जरासं कलतं करून माझ्याकडे बघत होती. नळाकडे अशीच बघायची. त्याचंही मला एवढं नाही. पण सगळंच नीट झालं तर हिला माझ्याशी बोलायला उरणार काय?

वहिनींना नमस्कार सांगावा.

आपला मेव्हणा

ता. क. मुख्य काम लिहायचं राहिलं. घरात बोलायला काहीतरी विषय असावा म्हणून आज दुपारी मी कपाटाच्या दाराची वरची बिजागरी थोडी सैल केली. ती जरा जास्तच सैल झाली. दार सध्या नुसतं टेकवून ठेवलं आहे. ते परत कसं बसवायचं ते गुपचूप कळवा. फोन करू नका, फोन हीच उचलते.

दुसरा ता. क. घाई नाही. ही आत्ताच कपाटापाशी जाऊन आली. माझ्या चहाच्या कपाशेजारी एक पेचकस आणून ठेवला. (कोरा आहे. मूठ माझ्या हाताला बरोबर बसते. यामागेही तुम्हीच का?) मग म्हणाली, "मी दार धरते, तुम्ही फिरवा." कणकेचे हात धुऊन येते आहे. ही दार धरेल, मी स्क्रू फिरवीन, तो उलटा फिरवीन याबद्दल मला शंका नाही, आणि त्यानंतर इतक्या दिवसांचं सगळं बोलणं एका दमात निघेल अशी चिन्हं आहेत.