कोटातलं शिसं

ताई,

तुम्ही मला काका म्हणता, म्हणून हे सांगायची जास्तच लाज वाटते. गेले तीन शनिवार तुमच्या दवाखान्यातल्या काट्यावर माझं वजन वाढलेलं दिसलं, ते खोटं होतं. पडदा सरळ पडावा म्हणून आम्ही पडदे शिवणारे त्याच्या खालच्या पट्टीत शिशाच्या चकत्या घालतो. थंडीत तुम्ही कोट काढायला लावत नाही, म्हणून त्याच चकत्या मी कोटाच्या अस्तरात शिवल्या. टाके अगदी गिऱ्हाइकाच्या कामासारखे बारीक घातले.

खरं तर तुम्ही विचार लिहायला दिलेली ही वही मला लागू पडली. बायको गेल्यापासून दुकानातून आलो की मी उभ्या उभ्या अख्खा पाव संपवायचो. आता आधी मनातला विचार लिहितो, तो खरा आहे का ते तपासतो, आणि पाव डब्यातच राहतो. अकरा किलो उतरले ते परत चढले नाहीत. तुम्ही खूश होऊन म्हणालात, "काका, आणखी महिनाभर टिकवा, मग इथे येण्यातून तुमची सुट्टी!" त्याच रात्री मी कोटाचं अस्तर उसवायला घेतलं.

परवा मात्र तुम्ही म्हणालात, "माझंच काहीतरी चुकतंय." तेव्हापासून घास गोड लागत नाही. चकत्या उसवून काढल्यात. शनिवारी कोट बाहेर काढून येईन. हे पान मात्र वही दाखवण्याआधी फाडणार आहे.

आजचा विचार असा होता: सुट्टी झाली की 'आज काय जेवलात?' असं मला कुणीच विचारणार नाही. तुम्ही शिकवलंत तसा तपासून पाहिला.

खरा निघाला.

तुमचा,
शनिवारचा साडेदहाचा काका