घोडी विकली त्या दुपारचं मटण

आबा, परवा माझ्या लेकीने, म्हणजे तुमच्या नातीने, मला एक इंग्रजी शब्द शिकवला. परदेशात शिकायला जायचं म्हणून ती हिंजवडीच्या बसमध्ये बसून कसले कसले शब्द पाठ करते, आणि घरी आली की माझी परीक्षा घेते. "आई, हिपोफॅजिस्ट म्हणजे काय, सांग." म्हटलं, बाई गं, माझा आणि इंग्रजीचा संबंध विजेच्या बिलापुरता. तर म्हणाली, "घोड्याचं मांस खाणारा माणूस. ई! अशी माणसं असतात तरी का गं?" मी कणीक मळत होते. हात थांबले. "असतील," म्हटलं, आणि पुन्हा मळायला लागले. इंग्रजांनी कशाकशाला शब्द करून ठेवलेत.

तेव्हापासून आपली टांग्याची घोडी परत आली आहे. तशी ती पुरती कधी गेलीच नव्हती. रविवारी सोसायटीत कुणाकडे मटण शिजायला लागलं, की मला मसाल्याच्या आधी भिजलेल्या हरभऱ्यांचा वास येतो, आणि मग खालच्या फरशीवर टापा वाजतात. मी गॅलरीत जाऊन बघते. खाली स्कूटरींची रांग, दुसरं काही नाही. भीती वाटते आबा, या वयातही वाटते.

तुम्ही तिला बाई म्हणायचात. टांगा सोडून घरात पाऊल टाकलं, की पहिला प्रश्न, "बाईचं झालं का?" तिच्या तोंडाला हरभऱ्याचा तोबरा बांधल्याशिवाय आपल्याकडे कुणाचं ताट मांडायचं नाही, हा तुमचा नियम. सणाची पुरणपोळीसुद्धा आधी तिला. आई म्हणायची, "पुढच्या जन्मी घोडीच होते, म्हणजे गरम तरी खायला मिळेल." तुम्ही हसायचात, पण नियम काही मोडायचा नाहीत. पुढे रिक्षा वाढल्या, टांग्याला गिऱ्हाईक मिळेना. तोबरा निम्मा झाला आणि आमच्या ताटातलं मटण तर बंदच झालं.

त्या रविवारी सकाळी तुम्ही तिला घेऊन गेलात. मी नऊ वर्षांची, उंबऱ्यावर बसून वाट बघतेय. दुपारी तुम्ही येता ते चालत. एका हातात तिचा रिकामा तोबरा, दुसऱ्या हातात कागदात बांधलेलं मटण. कागद भिजून लाल झालाय. "पोरांना पोटभर घाल," तुम्ही आईला म्हणता. आई विचारते, "कुणाला दिली?" "दिली एकाला." "टांग्यालाच नेली ना त्यानं?" तुम्ही तोबरा खुंटीला अडकवायला वळता. ताटं मांडली जातात, तुमचं मात्र नाही. मी विचारते, "आबा, हे कसलं मटण?" तुम्ही म्हणता, "जेव गुमान," आणि मागच्या दारी तिच्या खुंट्याजवळ जाऊन आमच्याकडे पाठ करून बसता. सकाळी घोडी गेली, दुपारी मटण आलं आणि आणणारा माणूस जेवला नाही. माझ्या डोक्याने जे जुळवायचं ते जुळवलं.

त्यानंतर मी मटणाला हात लावला नाही. सासरी विचारायचे, माळ घातली आहे का. मी देवाचं आहे म्हणून सांगायचे, देवाच्या नावावर काहीही खपतं. तुम्ही कधी विचारलं नाहीत. मला वाटायचं, तुमच्या लक्षातच आलं नसेल. मग तुमच्या शेवटच्या आजारपणात मी तुम्हाला मऊ भात भरवत होते आणि तुम्ही मध्येच म्हणालात, "बोकडाचं होतं गं ते. मंडईजवळच्या दुकानातलं." मी तर काही विचारलंही नव्हतं. म्हणजे इतकी वर्षं तुम्हाला माहीत होतं, आणि तुम्ही मला तसंच राहू दिलंत. मला तुमचा फार राग आला. म्हटलं, "मग तुम्ही का जेवला नाहीत?" घास तुमच्या तोंडात तसाच राहिला. मग म्हणालात, "तिकडं बाईला कुणी तोबरा बांधला का न्हाई, मला ठाव नव्हतं. मी कसा जेवणार?" तिला कुणाला दिलं, ते तेव्हाही सांगितलं नाहीत. पुढचा घासही घेतला नाहीत.

मी तुमच्यावर विश्वास ठेवते. मटण बोकडाचंच होतं. पण टापांना कोण सांगणार? हे पत्र लेकीला दाखवणार नाही, ती उगाच मला समजवायला बसेल. हरभऱ्याच्या डब्याखाली ठेवून देईन.

एक मात्र तुम्हाला तेव्हा सांगायचं राहिलं. त्या दुपारी तुमची पाठ बघता बघताच माझ्या मनात आलं होतं, की ताटात बाई आहे. घास हातात होता. तो मी खाल्ला, ताट आईपुढे केलं आणि म्हटलं, अजून वाढ.