उघड्या मानेची पिल्लं

प्रिय ताई,

भाऊजी कामावर गेले आणि आई शेजारी गेली की मगच हे वाच. फोनवर हे मला जमत नाही. फोन लावला की तू स्पीकर चालू करतेस, आई मधेच जेवलास का विचारते, भाऊजी कोंबड्यांवरून एखादी कोपरखळी मारतात, आणि हवापाण्यापलीकडे माझ्या तोंडून काही निघत नाही. सातवीत शाळा सोडलेल्याचं पत्र आहे, चुका पोटात घाल.

तू गोड बातमी दिलीस तेव्हा मी पिल्लांचे ट्रे धूत होतो. पाण्याचा पाइप तसाच वाहता टाकून बाहेर जाऊन उभा राहिलो. तू म्हणालीस, बरं झालं बाई मी आईवर गेले, नाहीतर मूल होऊ द्यायची हिंमतच झाली नसती. मग आवाज खाली आणून म्हणालीस, बारक्या, तू मात्र लग्नाच्या भानगडीत पडू नकोस रे. माझ्या काळजीनंच बोललीस, मला ठाऊक आहे. मी हो म्हणालो. पण त्या दिवसापासून हे पत्र मनात लिहितोय.

आपल्या घरात वाटणी फार लवकर झाली. घरादाराची नव्हे, आजाराची. बाबांचे हात आपोआप हलायला लागले, चालताना झोक जायला लागला, लोक दारुडा म्हणायला लागले, आणि मग आत्यानं सांगितलं की आजोबांचंही शेवटी असंच झालं होतं. त्यानंतर सगळे आपल्या दोघांकडे बघायला लागले. माझी उंची बाबांची, नाक बाबांचं, रंग बाबांचा, रागसुद्धा त्यांचाच. आत्या म्हणायची, साच्यातून काढलाय मेला, खाण तशी माती. तू आईसारखी ठेंगणी, गोल चेहऱ्याची. झाला निकाल. तुझ्या हातून कप पडला की सगळे वेंधळी म्हणून हसायचे. माझ्या हातून पडला की कुणी हसायचं नाही. आई फडकं घेऊन यायची आणि काचा गोळा करता करता माझ्या बोटांकडे बघायची. मी घर का सोडलं असं तू दर वेळी विचारतेस. त्या बघण्यापायी सोडलं. मग कुठेच टिकलो नाही. गोदामात हमाली केली, गाड्या धुतल्या, लिफ्ट बसवणाऱ्यांच्या हाताखाली राबलो. वेल्डिंग करणारा एक म्हातारा मला काम शिकवतो म्हणाला होता, भला माणूस होता. मी म्हटलं, ज्या हातांचा भरवसा नाही त्यांना शिकवून काय उपयोग, आणि तिथूनही पळालो.

आता या उबवणी केंद्रात आहे. अंडी यंत्रात ठेवायची, पिल्लं निघाली की निवडून खोक्यांत भरायची. मध्यंतरी इथल्या डॉक्टरीणबाईंनी एक कोंबडा आणला, तांबडा, थोराड, आणि मानेवर एक पीस नाही. काही पक्ष्यांच्या मानेला पिसं येतच नाहीत, जन्मापासून उघडी. त्याला करड्या, लहानखुऱ्या कोंबड्यांत सोडला. पिल्लं निघाल्यावर उघड्या मानेची वेगळी काढायचं काम माझ्याकडे आलं. मी ते आपल्या घरच्या रीतीनं केलं. मान उचलून बघायची तसदीच घेतली नाही. बापासारखी तांबूस दिसली ती एका खोक्यात, आईसारखी करडी ती दुसऱ्यात. काम पटापट उरकलं म्हणून खूश होतो. बाईंनी करड्यांतलं एक उचललं, मान उघडी. तांबड्यांतलं उचललं, मान लवेनं भरलेली. म्हणाल्या, काय रे, तोंडं बघून वाटणी केलीस होय? पिल्लांची लग्नं जमवायचीत का तुला? सगळे हसले.

पुन्हा निवडायला बसलो, या वेळी एकेक मान उलटी करून. साधारण अर्धी उघडी, अर्धी झाकलेली. तांबडी असो, करडी असो, दोघांच्या मधली असो, मानेला त्याचं सोयरसुतक नव्हतं. बाईंना विचारलं, तर त्यांनी मला समजेल असं सांगितलं. रंग, उंची, वजन, ही कुणा एकट्याची करणी नसते. आईबापांकडून आलेल्या कितीतरी बारीकसारीक गोष्टी त्यात थोडा थोडा हात लावतात, वर खाणंपिणं आहेच, म्हणून त्यात थोडं जास्त, थोडं कमी असं सगळ्या तऱ्हेचं निघतं. पण मानेची पिसं एका जागेवर ठरतात. कोंबड्याजवळ त्या जागेच्या दोन प्रती, एक बिघडलेली, एक धड. पिल्लाला त्यातली कुठलीही एकच मिळते. बिघडलेली आली तर आईची धड प्रत तिला झाकून घेत नाही. नाक कुणाचं आलंय याच्याशी तिचं काही देणंघेणं नाही. मी म्हटलं, माणसांतही असं असतं का. त्यांनी हातमोजे काढले आणि उपड्या खोक्यावर बसल्या. मी बाबांचं सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, मी पाखरांची डॉक्टर, मला यात बोलायचा अधिकार नाही, पण तू मोठ्या दवाखान्यात जा, आणि चेहऱ्यावरून काही ठरवू नकोस.

गेलो. बाबांचे जुने कागद आत्याच्या मुलाकडून फोटो काढून मागवले होते, तुला काही सांगू नको असंही त्याला बजावलं होतं. तिथं रक्त घेण्याआधी एका बाईंसमोर बसवतात. त्या पुन्हा पुन्हा विचारत राहिल्या, तुला खरंच कळून घ्यायचंय का, काहींना नको असतं, नको म्हणायचाही हक्क आहे तुला. त्यांनी सांगितलं, बाबांचा आजार त्या मानेसारखाच, एका जागेचा. प्रत्येक लेकराला अर्धीअर्धी शक्यता, आणि प्रत्येकाच्या वेळी नव्यानं. एकाला लागला म्हणून दुसरा सुटत नाही, एक सुटला म्हणून दुसरा अडकतही नाही. ताई, माझ्यात तो नाही. साच्यातून काढलेल्या माझ्यात नाही. निकाल ऐकून मी दवाखान्याच्या जिन्यात बसलो आणि मला आनंद झालाच नाही. आईला अजून कळवलेलं नाही. आधी ती रडेल, देवाचे आभार मानेल, आणि मग सावकाश मान वळवून तुझ्याकडे बघेल. ते बघणं कसं असतं ते मला ठाऊक आहे. तुझ्या वाट्याला ते यावं यापेक्षा माझा निकाल उलटा आला असता तर बरं होतं, असं त्या जिन्यात मला वाटलं, आणि अजून वाटतं.

तरीही मी गप्प बसलो असतो. तू हसत राहिली असतीस आणि मी परका होऊन इथंच कुजलो असतो, तेही चाललं असतं. पण परवा तू पाठवलेला शर्ट मिळाला. डोळे मिटून सरळ शिलाई मारणारी तू, आणि कॉलरची शिलाई वाकडी गेली आहे, एकदा नाही, तीनदा उसवून घातलेली आणि तिन्ही वेळा गेलेली. खिसा तर एकीकडे उतरलाय. सोबतच्या चिठ्ठीत तू लिहिलंस, हल्ली सुईत दोराच जात नाही, दिवस गेल्यामुळे असेल. असेलही. देवाशपथ असेलही. पण बाबा सुतार होते, आणि झोक जायच्या कितीतरी आधी त्यांची करवत रेघ सोडायला लागली होती, तेव्हा आई म्हणायची, चष्म्याचा नंबर वाढला असेल. मी रजा घेतली आहे, येतोय. कुणाला कारण सांगणार नाही, भाऊजींना तू सांगशील तेव्हाच कळेल. पोटातल्या बाळाचंही वेळेवर तपासता येतं असं दवाखान्यातल्या त्या बाई म्हणाल्या, म्हणून ही घाई. तू नको म्हणालीस तर मी तोंड शिवून बसेन, तुझ्याकडे रोखून बघणारही नाही, याचं वचन घे. पण हो म्हण ताई. चल माझ्याबरोबर रक्त तपासायला, मला खोटं पाड, आणि मग जन्मभर मला शिव्या दे.

तुझ्यापाशी येईपर्यंत जीव मुठीत धरून असलेला,
तुझाच
बारक्या