राणी आपल्या पायांनी गेली

३ डिसेंबर १९५६, सोमवार

— आणि माझ्यादेखत श्यामरावांनी ‘गेली’ खोडलं. वर लिहिलं, ‘पळवून नेली’.

पत्रक माझं. रविवारी सकाळी एस्प्लनेडच्या थिएटरात इथल्या, बंगालातल्या मराठी मंडळाचा खास खेळ आहे — ट्रॉयच्या युद्धाचा सिनेमा. बायकांना इंग्रजी कळत नाही म्हणून दर वेळी गोष्ट मराठीत छापून वाटतात. कॉलेजात इंग्रजी शिकवते म्हणून ती मी लिहायची. लिहिलं होतं : स्पार्टाची राणी नवऱ्याला सोडून ट्रॉयच्या राजपुत्राबरोबर गेली.

“मी सिनेमा पाहून आले आहे. ती स्वतः होऊन होडीत बसते.”

“मीनाक्षीबाई, खेळाला लेकीसुना असतात. शिवाय तुमच्या घरचं प्रकरण ताजं. तुमच्याच भल्यासाठी सांगतो.”

भलं. मंडळाचे चिटणीस आमचं भलं बघणार. मी कागद परत ओढला नाही. राग त्याचाच जास्त.

४ डिसेंबर

प्रकरण म्हणे. माझी धाकटी बहीण म्हणजे प्रकरण.

कालिंदी दिवाळीला माहेरी आली आणि बारा नोव्हेंबरला भरदुपारी निघून गेली. शहराच्या दुसऱ्या टोकाला, बेहालाला, एका बंगाली शाळामास्तरांकडे. तिसऱ्या दिवशी पत्र — मी सुखात आहे, शोधू नका. अण्णांनी, आमच्या वडिलांनी, ते फाडलं. त्या दुपारी घरात फक्त आई होती. “माझा डोळा लागला होता,” एवढंच सांगते.

६ डिसेंबर

अण्णांनी माझ्यापुढे कोरा कागद ठेवला. पोलिसांत द्यायची तक्रार. कालिंदीचा नवरा दत्तात्रय समोर चहा पीत बसलेला.

“तुझी भाषा चांगली. लिही — फूस लावून पळवून नेली.”

“ती गेली, अण्णा. तसं पत्र होतं.”

“कुठे आहे पत्र?”

दत्तात्रय अगदी मऊपणे म्हणाला, “ताई, असं लिहिलं तर तिला परत घेता येईल. डाग त्याच्यावर राहील.”

कप हिसकावून घ्यावासा वाटला. मास्तर तुरुंगात, आणि हिला गाठोड्यासारखी उचलून आणायची. वर उपकार!

लिहिलं नाही. “मग श्यामराव लिहितील,” अण्णा म्हणाले.

लिहितीलच. शब्द त्यांच्याकडे तयार आहेत.

७ डिसेंबर

श्यामरावांनी लिहिली. एक पानभर.

९ डिसेंबर, रविवार

जहाजं, भाले, लाकडी घोडा, आग. एका बाईला परत न्यायला एवढा खटाटोप, आणि तिला कुणी एकदाही विचारत नाही. मंडळी खूश. मागच्या रांगेत कुणीतरी घोड्याला टाळ्या वाजवल्या.

आई शेजारी होती. दिवे जाण्याआधी तिनं पत्रक बोट ठेवून वाचलं होतं. राणी होडीत चढली तशी माझ्याकडे झुकली.

“आपल्या पायांनी चढली की ही.”

“हो.”

“मग पळवली असं का लिहिलंस?”

“श्यामरावांनी बदललं.”

“नाव तुझं आहे खाली.”

ट्राममध्ये तिनं ते पत्रक पुन्हा एकदा बोट ठेवून वाचलं.

उद्या सकाळी अण्णा तक्रार घेऊन ठाण्यावर जाणार. आईला नेणार, त्या दुपारी घरात तीच होती म्हणून. झोपले होते म्हणेल आणि सगळं त्यांच्या मनासारखं होईल. मला तिचाही राग येतो आहे.

१० डिसेंबर

मीही गेले. त्या दुपारी काय झालं, असं फौजदारांनी हिंदीत विचारलं. आई म्हणाली, “मैं सोयी नहीं थी. मैंनेच उसको बेहाला के ट्राम में बिठाया. साथ में डब्बा दिया.”

अण्णांनी तक्रारीची घडी घालून ती कोटाच्या खिशात ठेवली. तिघं चालत घरी आलो.