तिसरा आधार

सोमवार, ४ फेब्रुवारी
इथे नॉर्वेत, ट्रॉन्हाइममधली नोकरी आजपासून सुरू, आणि मी जाम खूश आहे! काम म्हणजे एका यंत्राची शिकवणी. ते नेटवरचा मजकूर वाचत बसतं आणि माहिती टिपतं: अमुक गाव नदीकाठी, तमुक बाई दंतवैद्य. एखादी गोष्ट तीन ठिकाणी सापडली की ते आपणहून पक्की धरतं. दोनच ठिकाणी सापडली, तर यादीत टाकून आम्हाला विचारतं. खऱ्याला होकार, खोट्यावर फुली. माझा साहेब आस्ब्यॉर्न साठीचा, पण इथे सगळेच अरेतुरे. म्हणाला, यंत्र बावळट आहे गं, पण विसरत काही नाही.
ही रोजनिशी नेहमीसारखी नेटवरच लिहितेय. मावशीशिवाय वाचतं कोण!

शुक्रवार, ८ फेब्रुवारी
शुक्रवारी ऑफिसात वॅफल, आणि पीठ नव्या माणसाने भिजवायचं म्हणे. यादीतल्या चाळीस ओळी उरल्या होत्या. आस्ब्यॉर्न दारातून ओरडत होता, बाई, तुझं यंत्र उपाशी मरत नाही, आम्ही मरतोय. सगळ्या ओळींना न वाचताच एकदम होकार दिला आणि पळाले. तपकिरी चीज घालून चार खाल्ले.

सोमवार, ११ फेब्रुवारी
लाज वाटली. त्या चाळिसांत एक ओळ होती: आस्ब्यॉर्न लिएन, तळ्यावरचा बर्फ फुटून बुडाला, मृत. त्याला दाखवली, तर पोट धरून हसला. निदान वॅफल खाऊन मेलो ना, म्हणाला. पण पक्की झालेली ओळ पुसता येत नाही. यंत्राने तिच्यावर पुढचं रचलेलं असतं. त्याची बायको सिग्री यंत्राच्या लेखी शुक्रवारपासून विधवा आहे.

गुरुवार, १४ फेब्रुवारी
आस्ब्यॉर्न गेला. काल दुपारी मासे धरायला तळ्यावर गेला होता. बर्फ हातभर जाड होता म्हणतात, तरी फुटला. योगायोग गं, असं सगळे मला समजावतायत. मला भीती वाटते. होकार मी दिला होता.

सोमवार, १८ फेब्रुवारी
आजच्या यादीत माझा नवरा. एइलिफ हाउगेन, तळ्यात बुडून मृत. दोन आधार. दोन्ही पानं उघडली, कोरी. फुली मारली. दुपारी ओळ परत आली. पुन्हा फुली. पुन्हा—
एइलिफला बजावलं, तळ्याकडे फिरकू नकोस. हसला. अगदी आस्ब्यॉर्नसारखा.

मंगळवार, १९ फेब्रुवारी
यादीत ती ओळ नाही. सुटले, वाटलं.
पक्क्यांत सापडली. आता तीन आधार. तिसरा उघडला — ही रोजनिशी. कालची नोंद. माझंच वाक्य, माझ्याच हातचं—
एइलिफचा फोन लागत नाही. शेजारीण म्हणते, सकाळीच गेला, बर्फाला भोक पाडायचं गिरमिट खांद्यावर टाकून — नाही, हे इथे लिहायचं नव्हतं—
एइलिफ जिवंत आहे. एइलिफ जिवंत आहे. अजून एकदा लिहिलं की तीन —
फोन वाजतोय. त्याचा नंबर नाही. थांबा, आधी वाक्य पुरं करते.
एइलिफ जि